मार्खा खोरं: आठ दिवसांचं पॅकेज घ्यावं का?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय ५१, यजमान ५६. दोघांचं अलंग-मदन-कुलंग झालंय, हरिहर आणि साल्हेर झालेत, कळसूबाई तर दर पावसाळ्यात. यजमानांना रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. लडाखमधल्या मार्खा व्हॅली ट्रेकचं ‘मुंबई ते मुंबई, ८ दिवस’ असं पॅकेज त्यांना मिळतंय. ते घ्यावं का, वाट सरळ असेल तर गाइडचे पैसे कशाला, उंचीचा त्रास टाळायची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही, आणि होमस्टे बरा की तंबू, असे चार प्रश्न त्यांनी एकदम विचारलेत.

ताई, मार्खाला जरूर जा. हे पॅकेज मात्र घेऊ नका. आता कारणं सांगतो, ती जरा लांब आहेत.

मी २००४ पासून मराठी तुकड्या घेऊन हिमालयात जातो आणि मार्खा खोऱ्यात नऊ वेळा जाऊन आलोय. पहिल्या खेपेला चिलिंगपाशी झंस्कार नदीवर पूल नव्हता. तारेला टांगलेल्या पाळण्यात एकेकानं बसायचं आणि पलीकडच्या माणसानं दोर ओढायचा. खाली राखाडी पाणी असं धावत असे की आमच्यातल्या दोघांनी डोळे मिटून रामरक्षा म्हटली होती. आता पूल आहे, जीपरस्ताही खोऱ्यात आत आत सरकतोय, त्यामुळे जुन्या नकाशावरचे सुरुवातीचे टप्पे बरेचदा गाडीनंच उरकतात. म्हणूनच हा ट्रेक ‘सोपा’ म्हणून विकला जातो. पायांच्या दृष्टीनं तो सोपा आहेच. हरिहरच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला मार्खात एकही जागा अवघड वाटणार नाही. अडचण पायांची नाहीच.

तुमच्या पॅकेजचा दिवसवार तक्ता पाहिला. पहिल्या दिवशी विमानानं लेह. दुसऱ्या दिवशी ‘हवामानाशी जुळवून घेण्यासाठी’ खारदुंग ला (‘ला’ म्हणजे खिंड). तिसऱ्या दिवशी चिलिंग ते स्किऊ, चौथ्या दिवशी मार्खा गाव, पाचव्या दिवशी हांकर, सहाव्या दिवशी निमलिंग, सातव्या दिवशी कोंगमारू ला ओलांडून थेट लेह, आठव्या दिवशी सकाळचं विमान. कागदावर छान बसतंय. आता त्यात गावांची नावं खोडा आणि फक्त रात्रीच्या मुक्कामाची उंची लिहा. (नकाशागणिक या आकड्यांत शंभर-दीडशे मीटरचा फरक पडतो, तेवढा धरून चाला.) लेह ३,५००, पुन्हा लेह ३,५००, स्किऊ ३,४००, मार्खा ३,८००, हांकर ४,०००, आणि मग एकदम निमलिंग ४,८००. आठशे मीटरची उडी. लगेच पुढच्या दिवशी ५,२०० मीटरची खिंड.

तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं, असा डोंगरावरच्या वैद्यकाचा सर्वमान्य ठोकताळा आहे. दिवसा तुम्ही कुठवर चढलात याला त्या मानानं कमी महत्त्व. रात्री डोकं कुठे टेकलंत, ते शरीर मोजतं. आपल्याकडे कळसूबाईच १,६४६ मीटर. म्हणजे सह्याद्रीत आयुष्य घालवलेल्या माणसाला या हिशोबाची कधी गरजच पडलेली नसते, आणि त्याला तो माहीत नसतो यात त्याचा काही दोष नाही.

लेहमध्ये हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांश असतो, कोंगमारू ला वर जवळजवळ निम्मा. पहिल्यांदा शरीर काय करतं, तर श्वास वाढवतं. पण जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं, आणि मेंदू म्हणतो ‘पुरे, श्वास कमी कर’. ही ओढाताण मूत्रपिंडं सोडवतात. ती बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून देतात आणि मग मेंदूची तक्रार थांबते. याला दोन-तीन दिवस लागतात, कितीही तयारीचा गडी असला तरी. लेहमध्ये पहिल्या दोन रात्री लघवीला सारखं उठावं लागलं तर वैतागू नका, काम चाललंय असं समजा. रात्री यजमानांचा श्वास वाढत वाढत जाऊन मग काही सेकंद थांबल्यासारखा वाटला आणि तुम्ही दचकून उठलात, तर तेही त्या उंचीवर नेहमीचंच आहे. दर तुकडीत कुणाची तरी बायको मला पहाटे हे सांगायला येते.

डायमॉक्सचं काम यातच आहे. ती मूत्रपिंडांचं हेच काम लवकर करून देते. ‘डायमॉक्स घेतली की लक्षणं दबतात आणि माणूस फसतो’ असं आपल्या ट्रेकर मंडळींत सर्रास म्हटलं जातं, ते खरं नाही. ती वेदनाशामक नाही. नेहमीचा प्रतिबंधक डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात आणि सोडा-कोल्ड्रिंक पानचट लागतं, त्याला घाबरू नका. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. विमानानं थेट ३,२५६ मीटरच्या लेह विमानतळावर उतरणाऱ्यांनी ती घ्यावी, असं माझं मत आहे. पण तुमच्या यजमानांच्या बाबतीत मी मत देणार नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या स्वतःच लघवी वाढवणाऱ्या असतात. त्यांच्यासोबत ही चालेल का, आणि उंचीवर सुरुवातीला रक्तदाब चढतो तेव्हा गोळीचं प्रमाण काय ठेवायचं, हे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवं. जायच्या दीड-दोन महिने आधी विचारा, म्हणजे काही बदल केलाच तर तो घरीच अंगी लागलेला असेल.

कापराची पुडी, लसणाच्या पाकळ्या, होमिओपॅथीतल्या कोकाच्या गोळ्या हे सगळं आपल्या प्रत्येक सॅकमध्ये असतंच. कापूर हुंगून बरं वाटतं, मलाही वाटतं. पण उंचीच्या त्रासावर यातल्या कशाचाही भरवशाचा पुरावा नाही. त्यांच्या जोरावर एक मीटरही वर चढायचं नाही. लेहच्या बाजारात मिळणारे ऑक्सिजनचे हलके डबे तर काही मिनिटांत संपतात. ते पैसे जर्दाळूंवर घालवा.

आता तो खारदुंग ला. त्या खिंडीवर कित्येक वर्षं १८,३८० फुटांची पाटी होती. खरी उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जरा वर. पाटी कितीची का असेना, लेहमध्ये उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडीत बसून तिथे जायचं, फोटो काढायचा, चहा प्यायचा आणि डोकं धरून परत यायचं, याला जुळवून घेणं म्हणत नाहीत. पहिला दिवस झोपून काढा, अगदी कंटाळा येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी बाजारात पायी हिंडा. तिसऱ्या दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढा किंवा नामग्याल त्सेमो मठापर्यंत जाऊन या, हळूहळू. चौथ्या दिवशी चिलिंग. (जाता जाता सांगतो, ‘ला’ म्हणजेच खिंड. ‘कोंगमारू ला पास’ म्हणणं म्हणजे आपण ‘पावनखिंड खिंड’ म्हणण्यासारखं आहे. आमच्या तुकडीत असं म्हणणाऱ्यानं सगळ्यांना चहा पाजायचा असा नियमच आहे.)

रजा आणि हौस दोन्ही असेल तर श्रीनगरवरून रस्त्यानं या. झोजी ला ३,५२८ मीटर, पण रात्रीचा मुक्काम कारगिलला, २,७०० मीटरच्याही खाली. पुढे फोतू ला ४,१०८ मीटर ओलांडून लेह. शरीराला असा जिना चांगला मानवतो. मनालीचा रस्ता दिसायला देखणा, पण बरेच जण सरचूला झोपतात, तेही ४,२०० मीटरच्या वर, आदल्या दिवशी मनालीत असताना. त्या रात्रीइतक्या उलट्या मी कुठल्याच ट्रेकवर पाहिल्या नाहीत.

मी तुम्हाला सुचवेन तो आराखडा ११ दिवसांचा. लेहमध्ये तीन रात्री, मग स्किऊ, मार्खा, हांकर, आणि हांकर ते निमलिंगच्या मध्ये थाचुंगत्सेला एक जादा मुक्काम. ती ओढ्याकाठची कॅम्पिंगची जागा आहे, ४,२५० मीटरच्या आसपास. हांकरहून तिथे दुपारच्या आतच पोचता येतं आणि लोकांना वाटतं, दिवस फुकट गेला. तो फुकट जाऊ द्यायचाच असतो. जेवून थोडं वर हिंडून या, मार्मोट, म्हणजे खारीच्या कुळातली गुबगुबीत जनावरं, बघा (त्यांना बिस्किटं घालू नका, काही जागी ती इतकी सोकावलीत की पायाशी येतात), आणि खाली येऊन झोपा. निमलिंगची उडी त्यानं साडेपाचशेवर येते. तरी जरा जास्तच आहे, पण आठशेपेक्षा कितीतरी बरी. खिंड ओलांडल्यावर लेहला एक राखीव दिवस, आणि मग विमान.

या जादा मुक्कामावर मी इतका अडून का बसतो, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या तुकडीत पंचविशीचा एक मुलगा होता. सह्याद्रीत रात्रीत तीन-तीन किल्ले करणारा, मुंबई मॅरेथॉन धावलेला. त्या साली मीही वेळ वाचवायला हांकर ते निमलिंग एका दमात ठेवलं होतं. तो सगळ्यांच्या तास-दीड तास आधी निमलिंगला पोचला आणि वर आणखी टेकडीवर जाऊन आला. मी त्याला अडवलं नाही, उलट मला कौतुकच वाटलं. संध्याकाळी जेवला नाही. ‘डोकं जरा जड आहे’ म्हणाला आणि झोपला. रात्री साडेनऊला त्याच्या तंबूसोबत्यानं हाक मारली. तो बुटांच्या नाड्या बांधू बघत होता आणि त्याला ते जमत नव्हतं. आमच्या लडाखी गाइडनं त्याला जमिनीवर काठी ठेवून तिच्या कडेकडेनं टाचेला अंगठा लावत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो कलंडला. मी म्हणत होतो सकाळपर्यंत पाहू. गाइडनं माझ्याकडे पाहिलंही नाही, घोडेवाल्याला उठवलं. अर्ध्या तासात आम्ही हेडटॉर्चच्या उजेडात खाली निघालो होतो, एक माणूस घोड्याच्या पुढे, दोघं बाजूला. थाचुंगत्सेला पोचेपर्यंत तो स्वतःहून बोलायला लागला, सकाळी त्यानं चहा मागितला. टाच-अंगठा चाल बिघडणं हे मेंदूला सूज येऊ लागल्याचं लक्षण असतं. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करतो.

तुमच्या गाइडच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलंय. वाट दाखवायला मार्खात गाइडची गरज फारशी पडत नाही. खोरं एकच, नदी एकच, पायवाट ठसठशीत. गाइड हवा तो ‘आता खाली’ म्हणायला. तुमच्या पैशाची, रजेची आणि हौसेची ज्याला भीड नाही, असा माणूस हवा. म्हणून पॅकेजवाल्यांना फोन कराल तेव्हा मेन्यू आणि स्लीपिंग बॅगचा ब्रँड नंतर विचारा. आधी हे विचारा की डोंगरावर शेवटचा शब्द कोणाचा, इथून सोबत येणाऱ्या लीडरचा की लडाखी गाइडचा? लेहमधलं काम प्रत्यक्षात कोण करतं? किती माणसांमागे एक गाइड? आजारी माणसासाठी एक मोकळा घोडा सोबत असतो का, की सगळे सामानाचेच? एक माणूस खाली न्यावा लागला तर त्याच्यासोबत कोण जाणार, आणि बाकीच्यांना पुढे कोण नेणार? हे विचारल्यावर समोरचा ‘ताई, काही होत नाही हो, आमचे साठीचे लोकही करतात’ म्हणाला तर फोन ठेवा.

ऑक्सिजनबद्दलही नुसतं ‘सिलिंडर असतो’ यावर समाधान मानू नका. किती लिटरचा? दोन लिटरचा सिलिंडर १५० बार दाबानं भरलेला असेल तर त्यात साधारण ३०० लिटर वायू मावतो. मिनिटाला दोन लिटर सोडला तर अडीच तास, चार लिटर सोडला तर सव्वा तास. निमलिंगहून गाडीरस्ता यापेक्षा बराच लांब आहे. म्हणजे सिलिंडर असतो तो खाली जाताना वाटेत पुरवायला, वर थांबून उपचार करायला नाही. हा हिशोब ज्याला तोंडपाठ आहे, त्या माणसाबरोबर जा.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घ्यायचं असेल तर घ्या, पण त्याची रोज संध्याकाळी जी स्पर्धा लागते ती मला आवडत नाही. गारठलेल्या बोटावर ते वाटेल ते दाखवतं. आकडा बरा आणि माणूस न जेवता कोपऱ्यात बसलेला, असंही असतं. डोकेदुखी पॅरासिटामॉलनं थांबली, भूक लागली, गप्पांत भाग घेतला, तर तिथेच थांबून झोपायला हरकत नाही. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा गळाठा असेल तर वर जायचं नाही. बसल्या जागी धाप, कोरडा खोकला थांबत नाही, छातीत घुरघुर, किंवा तोल जातोय, बोलणं असंबद्ध, यातलं काहीही दिसलं तर त्याच घडीला खाली, रात्र असली तरी. हेलिकॉप्टर येईल हे गृहीत धरून कुठलाही बेत करू नये. हवा, वेळ आणि परवानग्या यांच्यावर ते अवलंबून असतं. आणि कुणी हौशी मित्र सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहाशी जोडणारं यंत्र परदेशातून आणून देऊ म्हणाला तर घेऊ नका. भारतात ते विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे, आणि लडाख तर सीमेचा प्रदेश. साधा फोन न्यायचा तर पोस्टपेड न्या. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. आणि खोऱ्यात पोस्टपेडच्याही भरवशावर राहू नका, घरी तसं सांगूनच निघा.

होमस्टे की तंबू? माझं मत सरळ होमस्टेकडे, जिथे गाव आहे तिथपर्यंत. स्किऊ, मार्खा, उमलुंग, हांकर इथे घरं आहेत. निमलिंगला गाव नाही, तिथे तंबूच. होमस्टेमुळे सामान कमी, घोडे कमी, आणि पैसा गावातल्या घरात राहतो. हे सगळं हेमिस राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं. उद्यान १९८१ चं, आणि हिमबिबट्यासाठी ओळखलं जातं. शेजारच्या रुंबाक गावात होमस्टेची पद्धत सुरू झाली ती मुळात याच कारणानं. बिबट्यानं मेंढ्या मारल्या की लोक त्याला मारत. पाहुण्यांमुळे घरात पैसा येऊ लागला, तशी त्याच्याकडे पाहायची नजर बदलली. तुम्हाला उन्हाळ्यात तो दिसणार नाही, दिसलाच तर लॉटरीचं तिकीट काढा. भरल, म्हणजे इथल्या रानमेंढ्या, मात्र दिसतील, कड्यावर दगडासारख्या उभ्या. आधी दगडच वाटतात, मग एक दगड चालायला लागतो.

लडाखी घराचं स्वयंपाकघर हीच बैठकीची खोली. मधोमध नक्षीची चूल, भिंतभर मांडणीत तांब्या-पितळेची भांडी, ओळीनं, घासून लख्ख. यातली जुनी भांडी बहुतेक चिलिंगच्या कारागिरांची. लेहजवळच्या शे गावातल्या बुद्धमूर्तीसाठी नेपाळहून आलेल्या धातुकारांचे आम्ही वंशज, असं ते सांगतात. रात्री स्क्यू मिळेल, म्हणजे कणकेचे अंगठ्यानं दाबलेले तुकडे भाजीच्या रश्श्यात शिजवलेले. आपल्या वरणफळांची लांबची बहीण. लोण्याचा खारा चहा पहिल्या घोटाला चहा समजून प्यायलात तर तोंड वाकडं होईल, सूप समजून प्या. संडास कोरडा असतो, वरच्या मजल्यावर, जमिनीला भोक आणि शेजारी मातीचा ढीग, फावडं. माती टाकायची, पाणी ओतायचं नाही, आणि ओले टिश्यू तर अजिबात टाकायचे नाहीत. ते सगळं पुढे शेतात जातं, बार्लीला. याबाबतीत आपले लोक कमी पडतात, हे मला लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

खाण्याचं म्हणाल तर उंचीवर भूक मरते, पण जिभेला तिखट आठवत राहतं. शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी आणि डिंकाचे किंवा दाण्याचे लाडू न्या. फरसाणाची पाकिटं विमानात फुगतात आणि खोऱ्यात फुटतात, चिवडा न्यायचा तर डब्यात. हवा इतकी कोरडी की नाकातून रक्त येतं. रोज रात्री नाकपुडीला साजूक तुपाचं बोट लावा, यावर कुठली कंपनी अजून वरचढ ठरलेली नाही.

पाण्याबद्दल दोन गोष्टी. नदी दुपारी वाढते, कारण सकाळपासून वितळलेलं बर्फ दुपारी खाली पोचतं. काही ठिकाणी पूल आहेत, काही ठिकाणचे वाहून जातात, मग पायांनी ओलांडावं लागतं. त्यासाठी लवकर निघायचं. अनवाणी उतरायचं नाही, पट्ट्याच्या सँडल घाला. सॅकचा कमरपट्टा सोडा, आणि दोघं-तिघं हात धरून. दुसरी गोष्ट, लडाख पर्जन्यछायेत आहे म्हणून पाऊस नाही असं समजू नका. ऑगस्ट २०१० मध्ये लेहवर ढगफुटी झाली, त्यात शेकडो माणसं गेली. त्या डोंगरांना झाडाची मुळं धरून ठेवत नाहीत. थोडाही जोराचा पाऊस झाला की दगड-चिखल ओढ्यातून खाली येतो. कोंगमारू ला उतरल्यावर तुम्ही अशाच एका अरुंद घळीत शिरता. जांभळे, लाल, हिरवट दगड, ओढा या काठावरून त्या काठावर वीस वेळा ओलांडायचा. पूर्ण ट्रेकमधली ही माझी सगळ्यात आवडती जागा, आणि पावसात सगळ्यात नावडती. म्हणून निमलिंगहून पहाटे पाचला निघायचं. चारशे मीटर चढायला तुम्हाला अडीच तास लागले तरी साडेसातला तुम्ही खिंडीत असता, मागे कांग यात्सेचं ६,४०० मीटरचं शिखर आणि पुढे सिंधूचं खोरं. तिथून शांग सुमदोपर्यंत दीड हजार मीटरचा उतार आहे. गुडघ्यांचं खरं काम इथे. दोन काठ्या न्याच.

तयारीसाठी वेगळं काही करू नका, पण जे करता ते हळू करा. पांडवलेणीच्या पायऱ्या आठवड्यातून चार दिवस, पाठीवर सहा किलो, आणि एकमेकांशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढ्याच वेगानं. शनिवारी पाच-सहा तासांची सपाट चाल. सह्याद्रीत आपल्याला ऊन चढायच्या आत माथा गाठायची सवय असते, पुढे जाणाऱ्याला मान असतो. ती सवय मोडायला तीन महिने लागतात. पाय घडायला तुम्हाला तेवढे लागणारच नाहीत. माझ्या तुकड्यांत पन्नाशीच्या बायका सहसा बिनत्रासाच्या असतात. त्यांना कुणाला काही दाखवायचं नसतं.

आणि रजा खरंच आठच दिवसांची असेल, वाढणारच नसेल, तर मार्खा पुढच्या वर्षी ठेवा आणि यंदा शाम खोऱ्याचा ट्रेक करा. लिकिर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, तेमिसगाम. खिंडी आहेत, पण सगळ्या ४,००० मीटरच्या आत. रोज चार-पाच तास चाल, रोज गाव, रोज घर. काही लोक त्याला ‘बेबी ट्रेक’ म्हणून नाक मुरडतात. शुकपाचनच्या जुनाट जुनिपर झाडांखाली बसून चहा प्यायल्यावर मला तरी त्यात काही कमी वाटलेलं नाही. लेहमध्ये तीन रात्री काढूनही तो आठ दिवसांत बसतो.

मार्खासाठी जुलैचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य हा काळ धरा. सप्टेंबरमध्ये नदी उतरते, बार्ली पिवळी होते, आकाश धुतल्यासारखं असतं, फक्त निमलिंगला रात्री बाटलीतलं पाणी गोठतं. गणपती घरी असतील तर तारखा आधी पंचांगात पाहा. निम्मी मराठी मंडळी त्याच आठवड्यात परत यायला धडपडतात आणि लेहची तिकिटं महागतात.

आराखड्यात मी विमानाच्या आदला दिवस राखीव धरलाय, त्याचंही कारण आहे. लेहची विमानं बहुतेक सकाळची असतात, दुपारी तिथे वारा सुटतो. हवा बिघडली की ती रद्द होतात, आणि मग सगळ्यांचं एकाच काउंटरवर भांडण. सगळं सुरळीत झालं आणि तो दिवस मोकळा उरला, तर लेहच्या मुख्य बाजारात फुटपाथवर ओळीनं भाजी-फळं घेऊन बायका बसतात त्यांच्याकडून वाळलेले जर्दाळू घ्या. पांढऱ्या बियांचे मागा. त्यांची बी फोडून खाता येते, बदामासारखी गोड.